मुलगी म्हणते, वेल्डिंग शिकायचंय

आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकदा हप्त्यांचा हिशेब बाजूलाच राहिला. गटातल्या एका ताईंच्या मुलीनं दहावीनंतर आयटीआयच्या अर्जात वेल्डर हा ट्रेड पहिला लिहिला होता. घरात अबोला. वडील म्हणत, "डोळे जातील. मग लग्न कसं व्हायचं?" ताईंनी आम्हाला विचारलं, "काय करू?" आम्हालाही नीट ठाऊक नव्हतं. म्हणून आम्ही चौघी तालुक्याच्या आयटीआयमध्ये जाऊन आलो. तिथं जे कळलं, ते आज सांगतो.

वेल्डर हा १ वर्षाचा ट्रेड आहे. आठवी पास मुलीलाही अर्ज करता येतो. वय किमान १४ हवं. सरकारी आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात.

आता काम काय ते पाहू. रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यामध्ये विजेचा जाळ धरून ठेवायचा. तिथं काही हजार अंश उष्णता होते, दोन्ही कडा वितळतात आणि एकजीव होतात. रॉड फार जवळ गेला तर चिकटतो, लांब राहिला तर ठिणग्या उडतात आणि सांधा कच्चा राहतो. म्हणजे ताकदीपेक्षा हात स्थिर हवा. रांगोळीची रेघ एका दमात ओढणाऱ्या बायांना हे वेगळं सांगायला नको.

वडिलांची भीती मात्र अगदीच खोटी नाही. त्या उजेडात अतिनील किरण असतात. उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर काही तासांनी वाळू गेल्यासारखे डोळे खुपतात. यावर उपाय काळ्या काचेचा मुखवटा. उन्हाचा चष्मा इथं चालत नाही. अंगावर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, हातात चामडी मोजे, पायात बूट हवेत. नायलॉनची ओढणी ठिणगीनं वितळून अंगाला चिकटते. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचा धूर छातीत गेला तर ताप येतो, म्हणून काम मोकळ्या हवेत करायचं. ही साधनं न देणाऱ्या दुकानात मुलीला पाठवू नका.

पुढे काय? नुसत्या प्रमाणपत्रावर भागत नाही. चांगल्या कंपन्या समोर सांधा करायला लावतात, तो वाकवून किंवा एक्स-रे काढून तपासतात. म्हणून आयटीआयनंतर कारखान्यात अप्रेंटिसशिप करावी. तिथं विद्यावेतन मिळतं आणि हात बसतो. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. पण सीओटू आणि टिग वेल्डिंग शिकलेल्या, ४५ अंशांत तिरका बसवलेला पाइप जोडता येणाऱ्या वेल्डरला जास्त मागणी असते. गावातही ट्रॉली, गेट, गोठ्याची शेड ही कामं असतातच. स्वतःचं दुकान टाकायचं तर कर्ज-अनुदानाची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी.

प्रवेशाआधी स्वतः जाऊन चार गोष्टी पाहा: मशीन चालू आहेत का, सरावाला रॉड पुरेसे मिळतात का, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, आणि परतीची एसटी किती वाजता आहे.

ताईंनी मुलीच्या वडिलांनाही आयटीआय दाखवून आणलं. प्रवेश झाला. अबोला अजून पुरता सुटलेला नाही, पण बुटांचे पैसे वडिलांनीच दिले. तुमच्या गावात अशी कुणी मुलगी असेल, तर तिला नाही म्हणण्याआधी एकदा तिच्यासोबत जाऊन या.