पाटीच्या आधी

“मूल सकाळभर नुसते खेळते, मग शिकते केव्हा?” बालवाडीच्या दाराशी मुलाला सोडून परतणाऱ्या पुष्कळ आईबापांच्या मनात हा प्रश्न असतो. शेजारचा मुलगा चौथ्या वर्षीच अक्षरे गिरवितो आणि आपला मात्र मातीचे लाडू वळीत बसतो, हे पाहून त्यांचा जीव थोडा होतो. ही चिंता मायेपोटीच असते. परंतु तिच्यामागील समज एकदा तपासून पाहिला पाहिजे.

एक अक्षर काढावयास काय लागते? बोटांत बळ, मनगटास वळण आणि हात व डोळा यांचा मेळ. हे साधण्याआधीच मुलाच्या हाती पेन्सिल देणे म्हणजे पायावाचून भिंत उभारणे होय. माती मळताना, मणी ओवताना बोटे तयार होतात. शंभरापर्यंत आकडे घोकणाऱ्या मुलास पाच चिंचोके मागावेत, तर कित्येकदा ते मूठभर आणून देते; ‘पाच’ म्हणजे किती, हे चिंचोके मांडता मांडताच उमगते. गाण्याच्या ठेक्यावर टाळी वाजविताना शब्दातील ध्वनी कानाला वेगवेगळे जाणवू लागतात, आणि पुढे वाचनास तीच जाण उपयोगी पडते. खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. बालवर्गात चार मुलांत बसण्याची तयारी तेथेच होते.

हा विचार काही कालपरवाचा नव्हे. १९०७ साली मारिया माँटेसरी यांनी रोम शहरातील गरीब वस्तीत आपले बालगृह उघडले. भावनगर येथे १९२० मध्ये गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले व पुढे ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या. परंतु माँटेसरीची साधने महाग. ती खेड्याला कशी परवडावी? १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. तेथे बिया, शंखशिंपले, खडे, पाने व माती हीच शिक्षणाची साधने झाली. पुढे हे कार्य जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावर, घरांच्या अंगणात नेण्यात आली. १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि तिच्यामुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द गावोगावी पोहोचला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा काळ हा एकच पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे.

खेळ म्हणजे मुलांना मोकाट सोडणे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. कोणत्या मुलापुढे आज काय ठेवावे, कोठे हात द्यावा आणि कोठे नुसते पाहत राहावे, हे जाणणारी बाई तेथे हवी. बालवाडीची परीक्षा करावयाची तर भिंतीवरचे तक्ते मोजू नयेत. बाई मुलांजवळ खाली बसते की नाही, हे पाहावे.

घरीही हे शिक्षण विनाखर्च चालते. शेंगा सोलताना मुलाला शेजारी बसवावे. कडधान्ये वेगळी करावयास द्यावीत, मात्र ते दाणा नाकाकानात घालणार नाही इकडे लक्ष ठेवावे. पानावर किती ताटे मांडावयाची, हे त्यालाच मोजू द्यावे. रात्री गोष्ट सांगावी आणि “पुढे काय झाले असेल?” असे मधेच विचारावे.

अक्षर सहा महिने उशिरा आले म्हणून काही बिघडत नाही. परंतु पाटी पाहताच जे मूल रडू लागते, त्याच्या मनातील शाळेची धास्ती जावयास वर्षे लागतात. तेव्हा आईबापांनो, आज संध्याकाळी मूल घरी आले, की “काय लिहिलेस?” असे विचारू नका. “काय खेळलास?” असे विचारा, आणि ते सांगू लागले की हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून ऐका.