शितावरून भात, वचनावरून शास्त्र?

शिरूर अनंतपाळमधल्या एका ओळखीच्या घरात भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं आहे. वर डोंगर, खाली झरा आणि मधोमध बायबलमधल्या यिर्मयाच्या 29व्या अध्यायातलं 11वं वचन. देवाच्या मनात तुमच्या भल्याचेच बेत आहेत, अशा आशयाचं. घरातला मुलगा पुण्याला कंपनीत कामाला. त्याची नोकरी कायम व्हावी म्हणून आई रोज त्या वचनावर बोट ठेवून प्रार्थना करते. त्या प्रार्थनेला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. पण एकदा चहा उकळेपर्यंत आम्ही तो अध्याय पहिल्यापासून वाचला.

तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे. ख्रिस्तपूर्व 597च्या सुमारास बाबेलच्या राजाने यरुशलेमेतून धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पाठवलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. यिर्मया सत्तर वर्षांचा हिशेब मांडतो. तोवर तिथेच घरं बांधा, मळे लावा, लेकराबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात नेलं त्याच शहराचं भलं मागा, असं सांगतो. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना आपलं गाव पुन्हा दिसणार नव्हतं. कॅलेंडरवरचं वचन या सत्तर वर्षांना लागूनच येतं. छापणाऱ्याने सत्तर वर्षं तेवढी वगळली.

बाई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजी पोरानं पुण्यातच घर करावं म्हनता का?"

टीका लिहिणाऱ्या कितीतरी विद्वानांपेक्षा तिने पत्राचा रोख नेमका पकडला होता.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच आधणात शिजलेला असतो. बायबलचं तसं नाही. कायदा, वंशावळ, विलापगीत, दृष्टांत, खासगी पत्र असं सगळं तिथे एका बांधणीत आहे. शिवाय मूळ लिखाणात अध्याय-वचनांचे आकडेच नव्हते. अध्याय पडले तेराव्या शतकात, स्टीफन लँगटनच्या नावावर. नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे रॉबेर एतिएन या मुद्रकाने 1551 मध्ये दिले. संदर्भ शोधायची सोय झाली, तशी वाक्य सुटं काढायचीही झाली.

खरं तर वाक्य त्याच्या जागी ठेवूनच वाचावं, हे मराठवाड्याला नव्याने सांगायला नको. पैठणच्या एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठांतरात शिरलेल्या अशुद्धांमुळे. आणि सप्ताहात कीर्तन ऐकणाऱ्याला पूर्वपक्ष आणि सिद्धांत यांतला फरक कळतो. बुवा आधी समोरच्याचं म्हणणं रंगवून मांडतात, मग खोडतात. मध्येच उठून गेलेला माणूस खोडायचं तेच घेऊन घरी जातो. बायबलमध्ये ईयोबाच्या पुस्तकातही अशीच त्याच्या मित्रांची लांबलचक भाषणं आहेत: तुझ्यावर संकट आलं, म्हणजे तुझं पाप असणारच. शेवटच्या अध्यायात देव या मित्रांवरच रागावतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत म्हणून. तरी त्या भाषणांतली वाक्यं देववाणी म्हणून सर्रास सांगितली जातात. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात तर सैतानही स्तोत्रातलं वचन म्हणून दाखवतो.

शिरूर अनंतपाळ ज्या लातूर जिल्ह्यात आहे, तिथे या फरकाला वेगळंच वजन आहे. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणपती बोळवून झोपलेली किल्लारी आणि आसपासची गावं भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. हजारो माणसं मेली. पाप वाढलं म्हणून धरणी हलली, असं म्हणणारे तेव्हा सगळ्या धर्मांत निघाले. 1934च्या बिहार भूकंपाला अस्पृश्यतेची शिक्षा म्हणणाऱ्या गांधीजींशी रवींद्रनाथांनी याच मुद्द्यावर वाद घातला होता. पापाची शिक्षा दाखवायला बायबलमध्येही सुटी वचनं हवी तितकी मिळतात. पण लूकच्या 13व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याचा विषय निघतो. ती इतर यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होती का? येशू साफ नाही म्हणतो. मात्र लगेच ऐकणाऱ्यांनाच बजावतो की तुम्ही मन पालटा. हे दुसरं वाक्य गाळून फक्त दिलासा उचलणं हीसुद्धा तोडमोडच.

मराठीत आणखी एक अडचण आहे. वचन आपल्यापर्यंत येतं तेच भाषांतरातून. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या विल्यम केरींनी मत्तय 1805 मध्ये आणि नवा करार 1811 मध्ये मराठीत छापला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. त्या 5 एप्रिल 1922ला गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये आला. मुक्तीतल्या बायकांनीच तो छापला. संस्कृतात मुरलेल्या या बाईंना शब्दांना चिकटून येणारं तत्त्वज्ञान पक्कं ठाऊक होतं. 'पुन्हा जन्म घेणे' हेच घ्या. जिथे जन्ममरणाचा फेरा चुकवायचा असतो, तिथे नवा जन्म हे वरदान कसं वाटणार? येशूच्या तोंडून हे ऐकणारा निकदेमही गोंधळतोच. बायकांनी मंडळीत गप्प बसावं हे पौलाच्या एका पत्रातलं वचन रमाबाईंच्याही हाताखालून गेलं असणार. त्याच पत्राच्या 11व्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या बायका आहेत. दोन्ही जागा सोबत ठेवल्याशिवाय त्या वचनाचं काय करायचं हे ठरत नाही.

जानेवारी 2020 मध्ये, 1982 पर्यंत लातूर ज्या जिल्ह्यात होतं त्या उस्मानाबादला, 93व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून निवडीला विरोध झाला. विरोधकांपैकी किती जणांनी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेलं त्यांचं 'सुबोध बायबल' उघडलं होतं, देव जाणे. माणसंही एका ओळीवरूनच वाचली जातात.

यंदा त्या घरी नवं कॅलेंडर लागलंय. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातलं 13वं वचन, सगळं काही करायची ताकद मला मिळते, हे. सोबत शर्यतीत धावणाऱ्या माणसाचं चित्र. मी काही बोलायच्या आत बाईनेच विषय काढला. "आधीचं वाचलं मी. त्यो तुरुंगात हाय. जेवन मिळालं तरी चालतंय, उपास घडला तरी चालतंय म्हनतोय." मग चित्राकडे बघून म्हणाली, "ह्यो कशाला पळायलाय?"