सर्किट बोर्डावरील छिद्रे : आधाराचा विचार आधी

इतिहासाच्या शिक्षकाने सर्किट बोर्डावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळताना वीज आणि पाटबंधारे यांच्या नियोजनात स्वतः लक्ष घातले होते. तेव्हा तांत्रिक विषय परका मानण्याचे आपल्याला कारण नाही. आज आपली मुले-मुली विज्ञान प्रदर्शनासाठी, आयटीआय व तंत्रनिकेतनातील प्रकल्पांसाठी स्वतः पीसीबी आखू लागली आहेत. त्या आखणीत सर्वांत शेवटी आठवणाऱ्या एका गोष्टीविषयी, म्हणजे बोर्ड पेटीत स्क्रूने बसवण्यासाठी ठेवायच्या छिद्रांविषयी, आम्ही येथे लिहीत आहोत.

पीसीबी म्हणजे काचतंतू आणि राळ यांची, बहुधा १.६ मिलिमीटर जाडीची पट्टी. तिच्यावर तांब्याचे मार्ग असतात. जोडणी कितीही निर्दोष असली, तरी बोर्डाला पक्का आधार नसेल तर प्लग खुपसताना, बटण दाबताना तो वाकतो. सोल्डरचे सांधे तडकतात. सिरॅमिकचे चिमुकले कपॅसिटर आतून चिरतात आणि ती चीर डोळ्यांना दिसतही नाही. घरी उत्तम चाललेला प्रकल्प एसटीच्या प्रवासानंतर प्रदर्शनात बंद पडतो, आणि दोष मात्र मुलाच्या बुद्धीला दिला जातो. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी या क्षेत्रात पाऊल टाकीत आहे, त्या घराला हा चुकीचा निष्कर्ष फार महाग पडतो.

या संदर्भात एक अलीकडचा इतिहास उद्बोधक आहे. शाळकरी मुलांना संगणकाचे शिक्षण मिळावे या हेतूने इंग्लंडमधील केंब्रिज येथे तयार झालेला ‘रास्पबेरी पाय’ हा छोटा संगणक फेब्रुवारी २०१२ मध्ये बाजारात आला. त्याच्या पहिल्या बोर्डावर बसवणीचे एकही छिद्र नव्हते. त्याच वर्षी निघालेल्या सुधारित बोर्डावर दोन छिद्रे आली. जुलै २०१४ मधील ‘बी प्लस’ या आवृत्तीत मात्र चार छिद्रे ५८ × ४९ मिलिमीटरच्या आयतात मांडली गेली. पुढच्या मुख्य आवृत्त्यांनी हीच मांडणी कायम ठेवली. त्यामुळे वर बसणारे जोडबोर्ड त्याच मापांवर विसंबून बनवता आले. छिद्राची जागा एकदा जाहीर झाली की ते इतरांना दिलेले वचन ठरते, ते असे.

आता मापाकडे वळू. एम३ स्क्रूचा व्यास ३ मिलिमीटर असतो. पण छिद्रही ३ मिलिमीटरचे ठेवले तर स्क्रू अडकतो. म्हणून घट्ट बसवणीस ३.२ आणि सर्वसाधारण बसवणीस ३.४ मिलिमीटरचे छिद्र धरतात. एम२.५ स्क्रूसाठी हीच मापे २.७ आणि २.९ आहेत. मात्र छिद्रापेक्षा त्याभोवतीची जागा अधिक महत्त्वाची. एम३च्या साध्या वॉशरचा बाहेरील व्यास ७ मिलिमीटर असतो. तेवढे वर्तुळ, शिवाय स्क्रू-ड्रायव्हर फिरवण्यापुरती थोडी जागा, बोर्डाच्या दोन्ही बाजूंना मोकळी हवी. तेथून तांब्याचा मार्ग नेला, तर स्क्रू आवळताना वरचा रंगाचा थर खरवडला जाऊन शॉर्टसर्किट होऊ शकते.

छिद्र काठाच्या अगदी जवळही नसावे. मधली पट्टी अरुंद राहिली की ती तुटते. वर सांगितलेल्या बोर्डात छिद्राचा मध्य काठापासून ३.५ मिलिमीटरवर आहे, २.७ मिलिमीटरच्या छिद्राची त्रिज्या वजा केली, की २.१५ मिलिमीटर पट्टी उरते. जेथे हाताचा जोर पडतो, त्या प्लगच्या वा बटणाच्या आसपास आधार द्यावा. परंतु सिरॅमिक कपॅसिटर छिद्राला खेटून ठेवू नयेत. तीन बिंदूंनी प्रतल निश्चित होते, म्हणून लहान बोर्डाला तीन छिद्रेही पुरतात. चार ठेवल्यास खालचे चारही स्पेसर एकाच उंचीचे हवेत, अन्यथा स्क्रू आवळताच बोर्ड पिळला जातो. एक छिद्र मुद्दाम किंचित सरकवून ठेवले, तर बोर्ड उलटा बसवण्याची चूक होतच नाही.

छिद्राच्या आतून तांब्याचा मुलामा द्यावा की नाही, हे पेटीवरून ठरते. पेटी धातूची असून बोर्डाचे ग्राउंड तिला जोडायचे असेल, तर मुलामा आणि तांब्याचे कडे हवे. तशी जोडणी नको असेल, तर छिद्र कोरे ठेवावे आणि तांबे दूर ठेवावे. बोर्डावर घरातील २३० व्होल्टची वीज येत असेल, तर हे अंतर सुरक्षेच्या मानकांनुसारच ठेवले पाहिजे. कारण स्क्रूमार्गे ती वीज धातूच्या पेटीत उतरली, तर प्रश्न प्रकल्पाचा न राहता जिवाचा होतो.

ऐकीव गोष्ट केवळ परंपरेने आली म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपल्या परिचयाचा आहे. तो येथेही उपयोगी पडतो. पुस्तकातील किंवा या लेखातील मापावर विसंबू नका. हाती असलेला स्क्रू आणि वॉशर व्हर्नियर कॅलिपरने मोजा. आराखडा मूळ मापात कागदावर छापा, तो पेटीत ठेवून पाहा, छिद्रांतून स्क्रू घालून पाहा. चार-आठ आण्यांच्या कागदावर कळलेली चूक बोर्ड बनून आल्यावर कळण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

सारांश, प्रथम पेटी, मग छिद्रे, त्यानंतर प्लग आणि बटणे, व सर्वांत शेवटी इतर भाग, असा क्रम असावा. जो साऱ्यांचा भार वाहतो, त्याला उरलीसुरली जागा देण्याची रीत आपण समाजात नाकारली आहे. ती बोर्डावरही नाकारावी, एवढेच आपल्या मुला-मुलींना आमचे सांगणे आहे.