हाकेवरून ओळखावा पिंगळा

गावकुसाबाहेरील जुन्या वडावर वा चिंचेवर तिन्हीसांजेला होणारा कर्कश कलकलाट अनेकांना आजही अशुभ वाटतो. वस्तुतः तो पिंगळ्याच्या जोडीचा नित्याचा संवाद होय. पहाटे दारोदार फिरणारा पिंगळा जोशी याच पक्ष्याच्या बोलीवरून भविष्य सांगत असे.

लहान घुबडे अंधारात क्वचितच दिसतात. दिसली तरी आकाराने व रंगाने बरीचशी सारखी असतात. म्हणून स्वर एकेरी की जोड, दोन हाकांतील अंतर किती आणि लय संथ की चढती, याकडे लक्ष द्यावे लागते. पिंगळा ‘चिरुर्र-चिरुर्र, चिवक्-चिवक्’ असा गलका करतो. रानपिंगळ्याची हाक संथपणे सुरू होते, जलद होत चढते आणि विरून जाते. शिंगळा घुबड बेडकासारखा एकच मृदू स्वर ठरावीक अंतराने बराच वेळ काढीत राहते.

या ओळखीचे महत्त्व वनपिंगळ्याच्या इतिहासावरून ध्यानी येते. १८७३ मध्ये ह्यूम यांनी या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर मात्र त्याचा विश्वसनीय नमुना मिळाला नाही व तो नामशेष झाला असे मानले गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा आढळला. त्याच्या आवाजाचे शास्त्रीय वर्णन त्यानंतरच झाले. पुढे मेळघाटातही त्याची वस्ती दिसून आली. हा पक्षी मुख्यत्वे दिवसा वावरतो. त्यामुळे मध्यरात्री ऐकू आलेली हाक त्याची मानण्यापूर्वी अन्य घुबडांचा विचार करणे इष्ट.

ही घुबडे उंदीर व कीटक खाऊन शेतीस साहाय्यच करतात. तरीही अंधश्रद्धेपोटी त्यांचा बळी जातो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यांची शिकार व व्यापार हा गुन्हा आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून हाकेची वेळ, ठिकाण व स्वरूप लिहून घ्यावे. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यांना, विशेषतः विणीच्या काळात, त्रास देऊ नये. खात्रीच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत समाविष्ट करता येतील. ही घुबडे झाडांच्या ढोलीत घरटे करतात. म्हणून ढोलीचे जुने झाड तोडण्याचा ठराव करण्यापूर्वी पंचायत सदस्यांनी एखादी संध्याकाळ त्या झाडाखाली कान देऊन उभे राहावे.