'पाण्यासारखं' इंजिन ऑइल

आजच्या बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० अशा ग्रेडचे ऑइल सांगितलेले असते. वॉरंटी संपून गाडी ओळखीच्या गॅरेजमध्ये गेली की पहिला सल्ला ठरलेला: 'हे तर पाण्यासारखं आहे, थंड देशातलं. आपल्या उन्हात २०डब्ल्यू-५० घाला.' ऐकणाराही मान डोलावतो, कारण जाड म्हणजे मजबूत हे मनाला पटकन पटते.

ग्रेडमधले दोन आकडे दोन वेगळ्या कसोट्यांचे आहेत. 'एसएई जे३००' या मानकानुसार 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंडीत किती सहज हलते ते सांगतो. ०डब्ल्यूची ही चाचणी उणे ३५ अंश सेल्सिअसला होते, २०डब्ल्यूची उणे १५ला. नंतरचा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा: २० ग्रेडसाठी ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, ५० ग्रेडसाठी १६.३ ते २१.९. म्हणजे शून्य हा आकडा बर्फातही चालेल एवढेच सांगतो. उन्हात चालणार नाही असे कुठेच सांगत नाही.

उन्हाचा मुद्दा तर आणखी कच्चा आहे. इंजिनचे तापमान हवा ठरवत नाही, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर ठरवतात. चंद्रपुरात मे महिन्यात बाहेर ४६ अंश असोत की महाबळेश्वरात जानेवारीत १०, गाडी नीट तापली की आतले ऑइल साधारण ९० ते ११० अंशांच्या आसपासच फिरते. तेही पुरेसे नाही म्हणून मानकात १५० अंशांवर, प्रचंड घर्षणाखाली ऑइलचा दाटपणा किती टिकला पाहिजे याची वेगळी किमान मर्यादा आहे. ती २० ग्रेडलाही ओलांडावीच लागते.

राहिले पाणी. ४० अंशांवर पाण्याचा दाटपणा सुमारे ०.६६ सेंटिस्टोक असतो. ०डब्ल्यू-२०चा चाळिशीच्या घरात. साठपट फरक असलेल्या द्रवाला पाणी म्हणणे ही मोठीच सवलत झाली. उलट सकाळी स्टार्टर मारताना हे 'पातळ' ऑइलही तापलेल्या अवस्थेच्या निदान पाचपट दाट असते, आणि २०डब्ल्यू-५० त्याच्याही तिप्पट-चौपट. इंजिनच्या वरच्या भागापर्यंत ते पोचायला अधिक वेळ लागतो. पंपावरचा दाब वाढला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि काही ऑइल बेअरिंगकडे न जाताच मागे फिरते. व्हॉल्व्हचे टायमिंग बदलणारी यंत्रणा आणि टायमिंग चेनचा टेन्शनर बहुधा ऑइलच्याच दाबावर चालतात. त्यांची आखणी ठरावीक दाटपणा धरून केलेली असते. मायलेज घटते ते वेगळेच. जाड ऑइलने आवाज दबतो, आणि गॅरेजमध्ये तोच पुरावा म्हणून दाखवला जातो.

हा समज आकाशातून पडलेला नाही. कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या पिढीतल्या इंजिनांना २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० हीच ऑइले चालत. झिजलेल्या, ऑइल पिणाऱ्या इंजिनात जाड ऑइल घातले की धूर खरोखर कमी होई. इंजिने बदलली, सल्ला तोच राहिला. कंपन्या पातळ ऑइल मायलेजसाठी सांगतात हा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. इंधन-कार्यक्षमतेचे नियम हे त्यामागचे एक कारण आहेच. पण मग इंजिनही त्याच ऑइलवर चाचण्या घेऊन तयार होते. काही मॅन्युअलमध्ये पर्यायी ग्रेडही दिलेले असतात. जाड ऑइल हवेच असेल तर निवड त्या तक्त्यातून करावी.

दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदलण्याची सवय त्याच जुन्या काळातली. आज अनेक पेट्रोल गाड्यांसाठी १०,००० किमी किंवा एक वर्ष, यांतले आधी येईल ते, असे सांगितलेले असते. इथे दुसऱ्या टोकाची चूकही होते. ताशी १५ किमीच्या शहरी रखडपट्टीत १०,००० किमी म्हणजे इंजिनचे सुमारे ६६७ तास. महामार्गावर ताशी ६०ने फक्त १६७. म्हणून मॅन्युअलमध्ये धूळ, ट्रॅफिक आणि लहान फेऱ्यांसाठी कमी अंतराचे वेगळे वेळापत्रक असते. ते पान सहसा कोणी उघडत नाही. गाडी उभीच असली किंवा थोडीच चालली तरी वर्षाची अट लागू राहते, कारण ऑइलचे ऑक्सिडेशन होते आणि दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत साचलेली वाफ उडून जात नाही.

काळे ऑइल म्हणजे खराब ऑइल नव्हे. त्यातली डिस्पर्संट रसायने काजळी धरून ठेवतात, आणि डिझेलमध्ये ते काहीशे किलोमीटरमध्येच काळे पडते. 'फुल्ली सिंथेटिक' एवढे वाचून डबा घेणे पुरत नाही: टर्बो पेट्रोलला मॅन्युअलमधला एपीआय दर्जा, तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेलला कमी राखेचे ऑइल लागते, नाहीतर राख फिल्टरमध्ये साचते. वरून घालायच्या अॅडिटिव्हच्या बाटलीची गरज नसते. लागणारी रसायने ऑइलमध्ये आधीच असतात. आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे भरलेले 'थोडे जास्त' ऑइल क्रँकशाफ्ट घुसळून फेसाळवतो.