मनाचा आजार आणि आपला हक्क

मन आजारी पडले की आपल्या वस्तीत दोनच शब्द ऐकू येतात : 'बाहेरचे' आणि 'येडा'. पहिला शब्द माणसाला मांत्रिकाच्या दारात नेतो, दुसरा त्याला माणसांतून उठवतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली आणि आपल्या लोकांनी घरातले देव काढून टाकले. पण तरण्या पोराची झोप उडाली, तो एकटाच बोलू लागला, की त्याच घरात रात्री लिंबू उतरवले जाते. याला नुसते अज्ञान म्हणून भागणार नाही. मांत्रिक गावात आहे, मानसोपचारतज्ज्ञ गावात नाही, हेही त्याचे कारण आहे.

कार्यकर्त्यांत वेगळाच समज आढळतो. दुःखाचे मूळ समाजव्यवस्थेत आहे, तिथे डॉक्टर काय करणार? हे अर्धे खरे आहे. अपमान, कर्ज, बेकारी यांनी मन पिचते. घरातला पहिला पदवीधर साऱ्या घराची आशा डोक्यावर घेऊन वर्गात बसतो, हे मी शिक्षक म्हणून रोज पाहतो. जातीचा अपमान गोळीने जात नाही, त्याला लढाच हवा. परंतु दूषित पाण्याने कॉलरा झाला तर आपण पाण्यासाठी मोर्चा काढतो आणि रोग्याला सलाईनही लावतो. मनाच्या बाबतीत यांपैकी एकच गोष्ट का करावी?

मानसोपचारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनाच्या आजारांचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, औषध लिहून देत नाहीत. पहिल्या भेटीत डॉक्टर प्रश्न विचारतो : झोप, भूक, कामातले लक्ष, व्यसन, घरात पूर्वी कोणाला असे झाले होते काय, कानात आवाज येतात काय, जीव द्यावासा वाटतो काय. हा शेवटचा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. कधी रक्त तपासावे लागते, कारण थायरॉईड कमी पडले तरी माणूस उदास व सुस्त होतो. मग औषध, बोलणे किंवा दोन्ही ठरते. उदासीनतेच्या औषधाचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठवड्यात गुण नाही म्हणून ते सोडू नये, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंदही करू नये. या सगळ्याच गोळ्या झोपेच्या नसतात. ज्यांची सवय लागू शकते त्या कोणत्या, हे डॉक्टरला सरळ विचारावे.

जायचे कुठे? पवनी तालुक्यातल्या आसगावच्या माणसाने आधी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला सांगावे आणि त्याच्याकडून भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्यावी. मानसोपचाराची तपासणी कोणत्या दिवशी असते ते विचारूनच निघावे, म्हणजे मजुरी बुडत नाही. त्यापुढे नागपूरचे मेडिकल, मेयो आणि १८६४ साली सुरू झालेले प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे गेलेला प्रत्येकजण भरती होत नाही. पुष्कळजण तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी परततात. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा सरकारी दूरध्वनी आहे. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. कोणी जीव देण्याची भाषा बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नये. तारखेची वाट न पाहता त्याला जवळच्या रुग्णालयात न्यावे.

हे सारे दयेने मिळणारे नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. जात, वर्ग, लिंग, धर्म यांवरून उपचारात भेद करता येणार नाही, असे त्यात लिहिले आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी ठिकाणी हे उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे. रुग्णाची माहिती गुप्त राहिली पाहिजे. त्याला साखळीने बांधता येत नाही. आपल्यासाठी तर आणखी एक कलम मोलाचे आहे : माणसाच्या सामाजिक, आर्थिक वा राजकीय स्थानावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्याला 'डोके फिरले' म्हणणाऱ्यांनी ते वाचावे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

परंतु कागदावरचा हक्क आपोआप घरी येत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत बहुतेक मानसिक आजारांत शंभरांतले सत्तराहून अधिक रुग्ण उपचाराविना आढळले. रस्त्यासाठी, शिष्यवृत्तीसाठी आपण निवेदने देतो. तालुक्याच्या रुग्णालयात ठरलेल्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ यावा आणि औषधे तिथेच मिळावीत, हीही मागणी त्या निवेदनात असली पाहिजे. आणि तोवर शिक्षकाने, कार्यकर्त्याने एवढे तरी करावे : 'येडा' हा शब्द तोंडातून काढून टाकावा, आणि आजाऱ्यासोबत भंडाऱ्याच्या गाडीत बसावे.