गळ टाकण्याआधी विचारा, पाणी कुणाचं?

कोकणातून मुंबईत आलेल्या घरांत मासे गरवायची हौस उपजतच असते. कांदिवलीत राहून ती भागवायची कुठे? पोयसर नदी दाराशी आहे, पण तिच्यात गळ टाकायला मन धजत नाही. डोंगराच्या कुशीतले विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव मुंबईला पाणी पाजतात आणि राष्ट्रीय उद्यानात येतात. तिथे गळाचं नावच काढू नये. तानसा अभयारण्यात आहे. मोडकसागर आणि मध्य वैतरणेवर पालिकेचा पहारा.

म्हणून गोड्या पाण्यातल्या सहलीचा बेत नकाशावरचे निळे ठिपके बघून आखला, की हमखास फसतो. आपल्या राज्यात बहुतेक धरणांचं पाणी जलसंपदा खात्याचं असतं आणि त्यातली मासळी ठेका घेतलेल्या मच्छीमार सहकारी संस्थेची. संस्थेने पदरचे पैसे घालून मत्स्यबोटुकली सोडलेली असते. आपण शहरातून गाडी घेऊन जायचं आणि न विचारता चार किलोचा कटला उचलायचा, याला गावात हौस म्हणत नाहीत. आधी गावात संस्थेचा माणूस गाठावा, दर विचारावा, पावती घ्यावी. शिवाय कुठल्या काठाला मासा लागतो, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

नवख्याने सुरुवात पवईपासून करावी. १८९१च्या सुमारास बांधलेल्या या तलावाचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही. इथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गळवाल्यांची संस्था आहे. तिचे नियम विचारून, परवानगी काढूनच बसावं. तलावात मगरी आहेत, तेव्हा पाण्यात पाय सोडून बसण्याची मजा इथे नको.

काय लावायचं, किती खोल सोडायचं, हे माशाच्या तोंडावरून ठरतं. कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वर वळलेलं. तो वरच्या थरात चरतो. मृगळ तळ धुंडाळतो. रोहू या दोघांच्या मधला. म्हणजे एकाच जागी गळाच्या तंगुसावरचं तरंगतं बोंड वर-खाली सरकवलं की गिऱ्हाईक बदलतं. या तिघांना कणकेचा गोळा चालतो. मरळ मात्र शिकारी. तिला जिवंत आमिष हवं. ती हवेतला श्वास घ्यायला वर येते, तेव्हा काठावरच्या पाणवनस्पतींजवळ नजर ठेवावी.

पावसाळ्यात बेत आखूच नये. पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात, आणि नेमके तेव्हाच त्यांना टोपल्यांनी पकडलं जातं. पोटात अंडी असलेली मादी मारायची आणि पुढच्या वर्षी मासळी राहिली नाही म्हणून रडायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. धरणाचे दरवाजे उघडले की नदी अचानक फुगते, तो धोका वेगळाच.

एक फेरी बिनगळाची करावी. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेच्या डोहात शिवमंदिराच्या आसऱ्याने महासीर राहतात. ते देवाचे, म्हणून कुणी मारत नाही. भाविक खाऊ टाकतात आणि काळपट पाठीचे, मोठाल्या खवल्यांचे मासे पायऱ्यांपाशी गर्दी करतात. महाडजवळ वाळणकोंडीलाही हाच रिवाज. दख्खनच्या या महासीराचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं. आज त्या नदीत तो शोधायला जाऊ नका. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात गेली अनेक दशकं त्याची पैदास करून पिल्लं पाण्यात सोडली जातात. मासे राखायचं सरकारी खात्याचं काम देवाच्या धाकाने जास्त चोख केलंय, असं माझं मत.

मुक्कामी जायचं तर भीमेवरचं उजनी. भिगवणच्या बाजूला पसरलेल्या पाण्यात आफ्रिकेतून आलेल्या चिलापीने बस्तान बसवलं आहे. गळाला काहीच लागलं नाही तरी भिगवणच्या खानावळीत ताटात मासा मिळतो, ही मोठी सोय.

निघताना तुटलेला तंगूस काठावर टाकू नका. त्यात बगळ्यांचे पाय अडकतात. आणि घरच्या काचपेटीतला कंटाळवाणा झालेला मासा तलावात सोडण्याचं पुण्य तर मुळीच पदरात पाडून घेऊ नका.